१७.२६ म्हणजे नक्की काय? बेझियन टी-टेस्टचा निकाल वाचताना

गेल्या सत्रात एक संशोधक विद्यार्थी लॅपटॉप उघडाच ठेवून माझ्या टेबलापाशी आला. स्क्रीनवर एकच ओळ होती आणि तिच्या शेवटी ०.०५८ हा आकडा. चेहरा पडलेला. "मॅडम, थोडक्यात हुकलं. ०.०५ च्या जरा वरच राहिलं." मी त्याला कॉलमचं नाव वाचायला सांगितलं. नाव होतं बीएफ०१, म्हणजे बेझ फॅक्टर. सरावासाठी मीच दिलेली माहिती होती ती. तिच्यात दोन औषधांमधल्या फरकाच्या बाजूने चांगला भक्कम पुरावा आहे, आणि हा "फरक नाही" असं लिहून मोकळा होणार होता.

त्याचा दोष फारसा नव्हता. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली आली की फरक मान्य करायची रूढी आहे) वाचण्याची सवय इतकी मुरलेली असते की शून्याच्या पुढे दोन-तीन आकडे दिसले की डोळा आपोआप ०.०५ ची रेघ शोधतो. बेझ फॅक्टर, म्हणजे माहिती दोन दाव्यांपैकी कुणाच्या बाजूने किती पट झुकते ते सांगणारा आकडा, त्याला ती रेघच नाही. म्हणून बेझियन टी-टेस्टचा, म्हणजे दोन सरासरींमधला फरक बेझ फॅक्टरने तपासणाऱ्या चाचणीचा, निकाल कसा वाचायचा ते त्याला समजावलं तसंच, त्याच माहितीवर, इथे मांडते. मी जास्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. ॲमस्टरडॅम विद्यापीठात ते तयार होतं आणि त्याच्या नावातला पहिला शब्द हॅरोल्ड जेफ्रीज यांचा आहे. बेझ फॅक्टरचा पाया घालणारे ते हेच जेफ्रीज. आर किंवा एसपीएसएस ही दुसरी सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

माहिती अशी. दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन झोपेची औषधं वेगवेगळ्या वेळी दिली, आणि प्रत्येक औषधाने झोप किती तास वाढली ते मोजलं. पहिल्या औषधाचे आकडे: ०.७, -१.६, -०.२, -१.२, -०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २. दुसऱ्याचे, त्याच क्रमाने: १.९, ०.८, १.१, ०.१, -०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली टी-टेस्टचा मूळ लेख लिहिला, त्यात हीच माहिती उदाहरण म्हणून घेतली होती. आरमध्ये ती 'स्लीप' या नावाने आधीपासून असते. वीसच आकडे आहेत, तेव्हा टाइप करून घ्या आणि सोबत करत चला. नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

जास्पमध्ये दोन कॉलम करा, टी-टेस्टच्या मेनूत बेझियन या मथळ्याखालची पेअर्ड सॅम्पल्स टी-टेस्ट निवडा आणि जोडीत दुसरं औषध आधी ठेवा. म्हणजे वजाबाकी 'दुसरं उणे पहिलं' अशी होते आणि फरक अधिक चिन्हाचा येतो. सरासरी फरक १.५८ तास. नेहमीच्या टी-टेस्टमध्ये टी (सरासरी फरक त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे तो आकडा) ४.०६ आणि पी-व्हॅल्यू ०.००२८ येते. बेझियन टेबलात मात्र दोनच आकडे असतात: बीएफ१० च्या खाली १७.२६ आणि शेजारी एरर टक्के.

आता १७.२६ कडे लगेच धावू नका. मी दरवेळी आधी कागदावर एक ओळ लिहिते: "वर कोण, खाली कोण?" बेझ फॅक्टर हे गुणोत्तर आहे. दोन दावे समोरासमोर उभे केले, तर हाती आलेली माहिती कोणत्या दाव्याखाली किती पट अधिक अपेक्षित होती, एवढंच ते सांगतं. बीएफच्या पुढचे दोन अंक 'दहा' असे वाचायचे नाहीत, 'एक-शून्य' असे वाचायचे: वर एक, म्हणजे पर्यायी गृहीतक ('फरक आहे' हा दावा), आणि खाली शून्य गृहीतक ('फरक नाही' हा दावा). बीएफ०१ म्हणजे नेमकं उलट. १ भागिले १७.२६ केलं की ०.०५८ येतं. माझ्या विद्यार्थ्याचा आकडा हाच. जास्पच्या पर्यायांमध्ये बीएफ०१ वर टिक राहिली होती, बाकी काही नाही. तिसरा पर्याय लॉगचा असतो. तो चुकून निवडला गेला तर १७.२६ च्या जागी २.८५ दिसतं, आणि तेही किरकोळ वाटून माणूस फसतो.

एसपीएसएसमध्ये बेझियन चाचण्या आवृत्ती २५ पासून आहेत. तिथे टेबलाखालची बारीक तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेझ फॅक्टर शून्य गृहीतक वर ठेवून दिलाय असं तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे तिथे लहान आकडा फरकाच्या बाजूचा असतो. एकाच संशोधनगटात दोघांनी दोन सॉफ्टवेअर वापरली की इथेच घोळ होतो. तुमच्या तक्त्यात कॉलमचं पूर्ण नाव लिहा, नुसतं 'बीएफ' लिहू नका.

एरर टक्के हा शब्द नवख्यांना घाबरवतो. निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता तो सांगत नाही. बेझ फॅक्टर काढताना संगणकाने केलेल्या आकडेमोडीत किती थरथर आहे, तेवढंच त्यातून कळतं. टी-टेस्टमध्ये तो साधारणपणे नगण्य असतो. नगण्य असला की पुढे चला.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मला थोडं थांबायचंय. वरचा दावा, म्हणजे पर्यायी गृहीतक, नक्की काय म्हणतं? शून्य गृहीतकाचं म्हणणं स्वच्छ आहे: फरक शून्य. पण "फरक आहे" हे एवढंच म्हणणं गुणोत्तर काढायला पुरत नाही. किती फरक असण्याची किती शक्यता, हे आधी सांगावं लागतं. त्या सांगण्यालाच प्रायर म्हणतात. जास्पमध्ये आणि आरच्या बेझफॅक्टर पॅकेजमध्ये ठरलेला प्रायर आहे तो कॉशी वितरणाचा (मध्ये उंच, दोन्हीकडे लांब शेपट्या असलेला वक्र), शून्यावर केंद्र असलेला, ०.७०७ रुंदीचा. तो इफेक्ट साइजवर, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या) मापात मोजलेल्या फरकावर लावलेला असतो. साध्या शब्दांत त्याचा अर्थ असा: खरा इफेक्ट उणे ०.७०७ ते अधिक ०.७०७ यांच्या दरम्यान असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याहून मोठा असण्याची शक्यता निम्मी.

हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेते. कारण १७.२६ चा पूर्ण अर्थ त्यातच आहे: "इफेक्ट शून्य आहे या दाव्यापेक्षा, इफेक्ट असा-असा पसरलेला आहे या दाव्याखाली ही माहिती १७.२६ पट अधिक अपेक्षित होती." दुसरा दावा बदलला की आकडा बदलतो. तुमच्या विषयात इफेक्ट नेहमी बारीक, ०.२ च्या आसपासचे असतील, तर ०.७०७ ची रुंदी तुमचं म्हणणं नीट मांडत नाही. प्रायर जितका पसरट, तितका तो अशक्यप्राय मोठ्या इफेक्टवरही वजन टाकतो, आणि छोटा खरा इफेक्ट आला तर शून्य गृहीतकच जिंकताना दिसतं. सांख्यिकीतज्ज्ञ डेनिस लिंडली यांनी १९५७ साली दाखवलेला विरोधाभास (पी-व्हॅल्यू शून्याविरुद्ध, तर बेझ फॅक्टर शून्याच्या बाजूने) याच मुळातून येतो. "काहीच ठरवायचं नाही म्हणून प्रायर भरपूर रुंद ठेवला" हे ऐकायला सावध वाटतं, पण तोही एक ठाम दावाच असतो.

मग ०.७०७ वर विसंबायचं का? त्यासाठी बेझ फॅक्टर रोबस्टनेस चेक हा आलेख आहे. त्यात आडव्या अक्षावर प्रायरची रुंदी आणि उभ्या अक्षावर बेझ फॅक्टर असतो. तुम्ही वापरलेला प्रायर, १ रुंदीचा आणि १.४१ रुंदीचा, असे ठिपके त्यावर दिसतात. झोपेच्या माहितीत १७.२६ नंतर पुढचे दोन्ही आकडे अठराच्या आसपास येतात. रेघ जवळजवळ सपाट. म्हणजे इथे प्रायरवरून भांडायला फारशी जागा नाही. तुमच्या आलेखात ती रेघ ६ वरून १.५ वर घसरत असेल तर तसं लिहा, आणि कोणती रुंदी का निवडली तेही लिहा. आवडणारा आकडा येईपर्यंत रुंदी फिरवत बसणं आणि मग गप्प राहणं ही फसवणूक आहे. नकळत होते म्हणून ती कमी ठरत नाही.

यानंतर प्रायर आणि पोस्टिरिअरचा (माहिती बघितल्यानंतर प्रायरचं जे रूप होतं त्याचा) आलेख उघडा आणि 'ॲडिशनल इन्फो' वर टिक करा. मला एकच आलेख ठेवायची परवानगी असती तर मी हा ठेवला असता. तुटक रेघ प्रायरची, सलग रेघ पोस्टिरिअरची, आणि शून्यावर दोन राखाडी ठिपके. त्या दोन ठिपक्यांच्या उंचीचं गुणोत्तर म्हणजेच बेझ फॅक्टर. तुटक रेघेची शून्यावरची उंची ०.४५ असते (१ भागिले पाय गुणिले ०.७०७, हवं तर करून बघा). सलग रेघेची इथे सुमारे ०.०२६. भागाकार केला की सतराच्या थोडा वर येतो. माहिती बघितल्यावर 'शून्य' या किमतीवरचा विश्वास सतरा पटीने खाली आला, हे इथे डोळ्यांना दिसतं. एकदा हे दोन ठिपके कळले की बीएफ१० आणि बीएफ०१ यांची गल्लत होत नाही: सलग रेघेचा ठिपका खाली असेल तर पुरावा फरकाच्या बाजूचा, वर असेल तर शून्याच्या बाजूचा.

याच आलेखाच्या वरच्या बाजूला असलेल्या चकतीत लाल आणि पांढरा भाग असतो. डोळे मिटून तिच्यावर बोट ठेवलं आणि ते पांढऱ्या भागावर पडलं तर किती आश्चर्य वाटेल, एवढ्यासाठी ती चकती आहे. १७.२६ ला लाल भाग सुमारे ९४.५ टक्के येतो. पण इथेच माणसं घसरतात आणि लिहितात, "पर्यायी गृहीतक खरं असण्याची शक्यता ९४.५ टक्के." हे तेव्हाच बरोबर, जेव्हा सुरुवातीला दोन्ही दावे तुम्हाला सारखेच शक्य वाटत होते. समजा औषधांमध्ये फरक असेल असं तुम्हाला आधी दहात एकच वाटत होतं. मग सुरुवातीचं पारडं १ ला ९, त्याला १७.२६ ने गुणलं की १.९२ ला १, म्हणजे सुमारे ६६ टक्के. बेझ फॅक्टर तोच, निष्कर्षाचं वजन वेगळं. चमत्कारिक दाव्याला जास्त पुरावा लागतो ही आपली रोजची समज इथे आकड्यात उतरते.

आलेखातला मध्यक आणि ९५ टक्क्यांचा क्रेडिबल इंटरव्हल जरूर लिहा. बेझ फॅक्टर 'आहे की नाही' याचं उत्तर देतो, 'किती' याचं उत्तर पोस्टिरिअरमध्ये असतं. या माहितीत थेट काढलेला इफेक्ट १.२८ येतो. पोस्टिरिअरचा मध्यक त्याच्यापेक्षा शून्याकडे सरकलेला दिसेल, कारण दहाच रुग्ण आहेत आणि प्रायर त्याला आत ओढतो. ती चूक नाही. मोठ्या नमुन्यात हे ओढणं जवळजवळ संपतं. आणि क्रेडिबल इंटरव्हलबद्दल ते वाक्य म्हणता येतं जे लोक नेहमीच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलबद्दल चुकून म्हणतात: "या मॉडेलनुसार खरा इफेक्ट या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के." 'या मॉडेलनुसार' हे शब्द गाळू नका.

एकदिशी चाचणीबद्दल. "दुसरं औषध अधिक चांगलं" असं माहिती बघण्यापूर्वीच म्हटलं असेल तर ती दिशा निवडता येते. मग आकडा ३४.४२ होतो. जवळपास दुप्पट, आणि दुपटीपेक्षा जास्त तो होऊच शकत नाही, कारण प्रायरचा चुकीच्या बाजूचा अर्धा भाग काढून तेवढं वजन बरोबर बाजूला दिलंय, इतकंच. उलट दिशा निवडलीत तर ०.१०. आरमध्ये नल इंटरव्हल (इफेक्टचा पट्टा) दिलात तर हे दोन्ही आकडे एकाखाली एक छापून येतात, आणि दुसऱ्या ओळीत कंसाच्या आधी उद्गारचिन्ह असतं. ते 'या पट्ट्याच्या बाहेर' असं सांगतं. दोन ओळींचा भागाकार केला तर ३४१ येतो: फरक असेलच तर तो दुसऱ्या औषधाच्या बाजूने असण्याचं पारडं ३४१ ला १. गॉसेट यांनी १९०८ च्या लेखात याच प्रश्नाचं उत्तर पारड्याच्याच भाषेत दिलं होतं, सुमारे ६६६ ला १. त्यांचा हिशोब वेगळा, पण टी-टेस्टच्या जन्माच्या वेळी प्रश्न असाच विचारला गेला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. एक सावधगिरी: एकदिशी चाचणीत पोस्टिरिअर शून्यावर कापलेला असतो, त्यामुळे इंटरव्हल शून्याला ओलांडूच शकत नाही. इफेक्ट किती, हे सांगायला दुहेरी (दोन्ही दिशांच्या) चाचणीचा आलेख वापरा.

बेझ फॅक्टर १ ते ३ असेल तर पुरावा किरकोळ, ३ ते १० मध्यम, १० ते ३० भक्कम, ३० ते १०० फार भक्कम, त्यापुढे टोकाचा. ही उतरंड जेफ्रीज यांच्या वर्गवारीतून आली आहे. शब्द सापडायला ती बरी आहे. पण २.९ आणि ३.१ यांच्यात भिंत नाही. ०.०५ ची रेघ सोडून ३ ची रेघ पकडली तर आपण काहीच शिकलो नाही.

किरकोळ या पायरीवर मात्र थोडं थांबा, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं लिहिली जातात. हेच वीस आकडे घ्या आणि मुद्दाम चुकीच्या मेनूत, इंडिपेंडंट सॅम्पल्समध्ये टाका, जणू काही वीस वेगळे रुग्ण आहेत. बीएफ१० येतो १.२७. नेहमीची पी-व्हॅल्यू ०.०७९. मी हे प्रत्येक तुकडीला करायला लावते. एक तर रचना चुकीची निवडली की भक्कम पुरावा कसा विरघळतो ते दिसतं: रुग्णारुग्णांमधला मोठा फरक गोंगाट बनून मध्ये येतो. आणि दुसरं, १.२७ कसं वाचायचं ते कळतं. "फरक नाही" असं १.२७ म्हणत नाही. "या माहितीवरून कुणाच्याच बाजूने सांगता येत नाही" असं ते म्हणतं. फरक नाही असं म्हणायला बीएफ०१ स्वतः मोठा यावा लागतो, ५, ८, १२ असा. पी-व्हॅल्यू मोठी आली की या दोन अवस्था एकमेकींत मिसळून जातात. बेझ फॅक्टर त्या वेगळ्या ठेवतो, आणि माझ्या मते ही चाचणी शिकण्याचं सगळ्यात सबळ कारण तेच आहे.

तुलनेसाठी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पी-व्हॅल्यू नेमकी ०.०५ असेल, तर बऱ्यापैकी सर्वसाधारण गृहीतांखाली तिच्यातून शून्याविरुद्ध निघू शकणारं कमाल गुणोत्तर २.४६ आहे. कमाल. जास्पच्या नेहमीच्या टी-टेस्टमध्ये व्होव्क-सेल्के या नावाने हा आकडा मागता येतो. आयुष्यभर ०.०४ वर आनंद मानलेल्या माणसाला तो एकदा दाखवावाच.

माहितीकडेही एक नजर टाका, बेझियन चाचणी वेडीवाकडी माहिती सरळ करत नाही. नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तास आहे, बाकी सगळे ० ते २.४ च्या दरम्यान. तो वगळला तर सरासरी फरक १.२४ पर्यंत उतरतो, पण टी ४.०६ वरून ५.६६ वर जातो, कारण विखुरलेपणा निम्म्यावर येतो. निष्कर्ष टिकतो हे कळलं, पुरे. रुग्णाला काढून टाकायचं कारण मिळालं असा याचा अर्थ नाही. शंका असेल तर जास्पमध्ये विल्कॉक्सन चाचणीची (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालणाऱ्या) बेझियन आवृत्तीही आहे. दोन वेगळ्या गटांच्या चाचणीत गटांचं विचलन सारखं धरलेलं असतं. ते खूप वेगळं दिसत असेल तर आकड्यावर जपून बोला. आणि सिक्वेन्शियल ॲनालिसिसचा (माहिती एकेक ओळ वाढत गेली तसा बेझ फॅक्टर कसा बदलला त्याचा) आलेख काढणार असाल तर ओळी माहिती गोळा झाली त्याच क्रमाने असू द्या. नावांच्या अकारविल्हे लावलेल्या फाइलवर काढलेल्या त्या वळणदार रेघेला काही अर्थ नसतो.

त्या विद्यार्थ्याने शेवटी लिहिलेला परिच्छेद हा. शेवटची दोन वाक्यं त्याने स्वतःहून घातली: "दहा रुग्णांवरील जोडीच्या माहितीची बेझियन टी-टेस्ट केली. पर्यायी गृहीतकात इफेक्ट साइजवर शून्य केंद्राचा, ०.७०७ रुंदीचा कॉशी प्रायर होता. बीएफ१० = १७.२६, म्हणजे शून्य गृहीतकापेक्षा या पर्यायी गृहीतकाखाली ही माहिती सुमारे १७ पट अधिक अपेक्षित होती. प्रायरची रुंदी १ आणि १.४१ केली तरी आकडा १८ च्या आसपास राहिला. सरासरी फरक १.५८ तासांचा, दुसऱ्या औषधाच्या बाजूने. नवव्या रुग्णाचा फरक इतरांपेक्षा बराच मोठा आहे. त्याला वगळूनही निष्कर्षाची दिशा बदलत नाही. मात्र दहा रुग्णांवरून फरक नेमका किती, हे अजून सैलपणेच सांगता येतं."